नजात फक्त मुसलमानांनाच? मग अल्लाहच्या न्यायाचं काय?

शेजारचे काका वारतात. आयुष्यभर त्यांनी कुणाचं वाईट केलेलं नसतं. ईदला शीरखुर्मा प्यायला सर्वांत आधी हजर. गावात ताणतणाव असला की आपल्या घरातल्या बायका-पोरांना स्वतःच्या माडीवर ठेवून घेणारे. आपण त्यांच्या अंत्ययात्रेला जातो, घरच्यांचं सांत्वन करतो आणि परत येतो. रात्री जेवताना शाळेत जाणारा मुलगा विचारतो, "अब्बा, काका जहन्नममध्ये जाणार का?"

आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकला आहे, किंवा स्वतःच्याच मनात दाबून टाकला आहे. कॉलेजमधले मित्र हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारतात : "तू मुस्लिम घरात जन्मलास म्हणून तुला जन्नत, मी दुसऱ्या घरात जन्मलो म्हणून मला जहन्नम, हा कसला न्याय?" प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला गप्प बसवून तो संपत नाही. इस्लामी विद्वानांनी हजार वर्षांहून अधिक काळ त्याच्यावर खल केला आहे, पण आपल्याकडे मराठीत ती चर्चा फारशी पोहोचलेली नाही. म्हणून या लेखात आम्ही कुरआन, हदीस आणि उलमांची प्रमुख मते एका ठिकाणी मांडत आहोत. हा फतवा नाही. विषय समजून घेण्यासाठी केलेली ही मांडणी आहे.

आक्षेप नेमका काय आहे?

आक्षेपाचे तीन भाग आहेत.

पहिला, जन्माचा. जगातील बहुसंख्य माणसे ज्या धर्मात जन्मतात त्याच धर्मात मरतात. कोणत्या घरात जन्मावं हे कुणाच्याच हातात नसतं. मग ज्या गोष्टीवर माणसाचा ताबा नाही तिच्यावर त्याचं कायमचं भवितव्य कसं ठरावं?

दुसरा, माहितीचा. इस्लामचा संदेश सगळ्यांपर्यंत सारख्या रूपात पोहोचलेला नाही. कुणाला तो मुळीच कळला नाही, कुणाला चुकीचा कळला.

तिसरा, प्रमाणाचा. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील चुकीला अनंत काळाची शिक्षा कशी?

हे तिन्ही भाग वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. गल्लत होते ती तिन्ही एकत्र केल्यामुळे.

कुरआनातील दोन प्रकारची वचने

कुरआनात या विषयावर दोन दिशांची वचने आढळतात आणि दोन्ही प्रामाणिकपणे समोर ठेवली पाहिजेत.

एकीकडे सूरह आलि-इमरानमध्ये (३:८५) स्पष्ट सांगितले आहे की इस्लामखेरीज दुसरा दीन स्वीकारला जाणार नाही आणि तसे करणारा आख़िरतमध्ये तोट्यात राहील. सूरह निसामध्ये (४:४८) शिर्कला माफी नसल्याचा इशारा आहे.

दुसरीकडे सूरह बकरामध्ये (२:६२) आणि जवळपास त्याच शब्दांत सूरह माइदामध्ये (५:६९) ईमानवाल्यांबरोबर यहुदी, ख्रिस्ती आणि साबी यांचा उल्लेख येतो. अल्लाहवर व अंतिम दिवसावर श्रद्धा ठेवून सत्कर्मे करणाऱ्यांना भीती नाही, असे तिथे सांगितले आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:१५) तर नियमच घालून दिला आहे : प्रेषित पाठविल्याशिवाय अल्लाह कुणालाही शिक्षा देत नाही. सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत (२:२८६) कुणावरही त्याच्या ताकदीपलीकडचा भार टाकला जात नाही असे म्हटले आहे.

या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? बहुसंख्य भाष्यकारांच्या मते २:६२ मधील आश्वासन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आधीच्या समूहांना, म्हणजे आपापल्या काळातील प्रेषितांना मानणाऱ्यांना लागू आहे. अंतिम प्रेषित आल्यानंतर त्यांना मानणे आवश्यक ठरते. ही आयत ३:८५ ने रद्द झाली, अशी एक रिवायत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या नावाने सांगितली जाते. त्यावर काही विद्वानांनी मुद्दा मांडला की आदेश रद्द होऊ शकतो, पण अल्लाहने दिलेले वचन रद्द कसे होईल? आधुनिक काळातील काही भाष्यकार 'इस्लाम' या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे अल्लाहपुढे समर्पण, इथे धरावा असे म्हणतात. हे मत अल्पसंख्य आहे, हेही सांगून टाकलेलं बरं.

एक गोष्ट मात्र आपण नेहमी विसरतो. आमच्याखेरीज कुणीच जन्नतमध्ये जाणार नाही, असा दावा काही यहुदी व ख्रिस्ती करीत होते. कुरआनने तो दावा फेटाळला (२:१११-११२). सूरह निसामध्ये (४:१२३) तर मुसलमानांनाही सोबत घेऊन बजावले : तुमच्या इच्छेवर काही अवलंबून नाही आणि ग्रंथधारकांच्या इच्छेवरही नाही, जो वाईट करील त्याला त्याचे फळ मिळेल. म्हणजे अमुक जमातीत जन्मलो, मुस्लिम नाव लावलं, एवढ्यावर नजात मिळते ही समजूत कुरआनात बसत नाही. जन्माच्या आक्षेपाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. मुस्लिम घरातला जन्म हे तिकीट नव्हे. ज्याला संदेश घरबसल्या मिळाला, त्याला त्याचा हिशेबही द्यावा लागणार आहे.

इमाम गज़ाली यांनी केलेली विभागणी

माहितीच्या आक्षेपावर सर्वांत गाजलेले उत्तर इमाम अबू हामिद गज़ाली (रह.) (१०५८-११११) यांचे आहे. 'फैसलुत्तफरिका' या त्यांच्या छोट्या ग्रंथाचा मुख्य विषय वेगळाच आहे : मुसलमानांनी एकमेकांना ऊठसूट काफिर ठरवू नये, त्यासाठी मर्यादा कोणती. त्याच ओघात ते त्यांच्या काळातील रोमन (बायझंटाईन) ख्रिस्ती आणि दूर प्रदेशांतील तुर्क यांचा विचार करतात आणि लोकांचे गट पाडतात :

१. ज्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे नावसुद्धा ऐकले नाही. हे लोक माफीस पात्र.

२. ज्यांनी नाव ऐकले, प्रेषितांचे चारित्र्य व प्रेषित्वाचे पुरावे ज्यांच्यापर्यंत पोहोचले, जे मुसलमानांच्या शेजारी किंवा त्यांच्यात मिसळून राहतात आणि तरीही जे नाकारतात. यांना सबब नाही.

३. ज्यांनी नाव ऐकले, पण लहानपणापासून एवढेच ऐकले की या नावाच्या एका माणसाने प्रेषित असल्याचा खोटा दावा केला. इमाम साहेबांच्या मते यांची गणना पहिल्याच गटात होते. कारण जे कानावर पडलं त्याने शोध घेण्याची इच्छा जागी होण्याऐवजी मरून गेली.

याखेरीज ज्याने ऐकल्यावर मनापासून शोध सुरू केला, पण निष्कर्षाला पोहोचण्याआधीच ज्याला मृत्यू आला, तोही अल्लाहच्या रहमतीत असेल असे ते म्हणतात.

नऊशे वर्षांपूर्वी, क्रुसेडच्या युद्धांचा काळ सुरू असताना एक सुन्नी इमाम हे लिहितो, हे ध्यानात घ्यायला हवे. त्यांचा आधारही भक्कम आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार जो यहुदी किंवा ख्रिस्ती प्रेषितांविषयी ऐकेल आणि त्यांच्या संदेशावर ईमान न आणता मरेल तो जहन्नमी ठरेल. ही हदीस बहुधा कडक इशारा म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात ऐकण्याची अट आहे. मग ऐकणे म्हणजे काय, हा खरा प्रश्न उरतो. विकृत रूपात ऐकणे म्हणजे ऐकणे नव्हे, असा इमाम गज़ालींचा निष्कर्ष.

अल-अज़हरचे शेख महमूद शलतूत (शेख अल-अज़हर, १९५८-१९६३) यांनी विसाव्या शतकात हीच भूमिका घेतली. ज्याच्यापर्यंत संदेश पोहोचला नाही, तिरस्करणीय रूपात पोहोचला, किंवा जो प्रामाणिक शोध घेत असतानाच मरण पावला, तो आख़िरतमध्ये शिक्षेस पात्र असा काफिर ठरत नाही, असे त्यांनी लिहिले.

अक्कल पुरेशी आहे का? अशअरी आणि मातुरीदी

ज्याच्यापर्यंत कोणताच प्रेषित पोहोचला नाही त्याच्याकडून काय अपेक्षा? इथे अकीद्याच्या शाळांत मतभेद आहे.

मुअतज़िला म्हणत : अक्कल सर्वांना दिली आहे, त्यामुळे अल्लाहला ओळखणे आणि न्याय-अन्याय कळणे हे वहीशिवायही माणसावर बंधनकारक आहे.

इमाम अबुल हसन अशअरी (मृ. ९३६) यांच्या अनुयायांनी सांगितले : वही येईपर्यंत कोणतीही जबाबदारी लागू होत नाही. त्यांचा आधार वर सांगितलेली आयत १७:१५.

समरकंदचे इमाम अबू मन्सूर मातुरीदी (मृ. ९४४) यांच्या परंपरेतील अनेकांनी मधली वाट घेतली : शरीअतचे तपशील प्रेषिताशिवाय कळू शकत नाहीत, पण या सृष्टीला कुणी निर्माता आहे एवढे ओळखण्यास अक्कल पुरेशी आहे.

ही चर्चा आपल्यापासून दूरची वाटेल, पण तशी नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत आणि हनफींचा अकीदा प्रामुख्याने मातुरीदी असतो. कोकणातील शाफई मुसलमानांची परंपरा अशअरी अकीद्याशी जोडलेली आहे. म्हणजे मराठवाड्यातला आणि रत्नागिरीतला मौलवी या प्रश्नाला थोडं वेगळं उत्तर देऊ शकतो, आणि दोघेही अहले सुन्नतमध्येच असतात.

मुले, बहिरे, वेडे, म्हातारे

प्रत्येक मूल निर्मळ स्वभावावर (फितरत) जन्मते, ही हदीस सर्वांना माहीत आहे. लहानपणीच मरण पावलेल्या मुश्रिकांच्या मुलांबद्दल उलमांत अनेक मते आहेत, पण सहीह बुखारीत एका स्वप्नाची दीर्घ हदीस आहे. त्यात हजरत इब्राहीम (अलै.) एका बागेत दिसतात आणि त्यांच्याभोवती फितरतवर मरण पावलेली मुले असतात. त्यांत मुश्रिकांची मुलेही आहेत का, असे सहाबांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी होकार दिला. इमाम नववी (रह.) यांच्यासह अनेकांनी याच मताला पसंती दिली.

मुसनद अहमदमधील एका हदीसमध्ये चार जण कयामतच्या दिवशी आपली बाजू मांडतील असे आले आहे : बहिरा, मंदबुद्धी, अतिवृद्ध आणि दोन प्रेषितांच्या मधल्या काळात मरण पावलेला. प्रत्येक जण सांगेल की संदेश मला कळूच शकला नव्हता. त्यांची तिथे स्वतंत्र परीक्षा घेतली जाईल. तपशिलावर मतभेद आहेत, पण मूळ कल्पना अशी की ज्याला या जगात संधी मिळाली नाही त्याला तशीच शिक्षा होणार नाही.

शिक्षा कायमची का?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. जहन्नमची शिक्षा नाकारणाऱ्यांसाठी कायमची आहे, ही बहुसंख्य उलमांची भूमिका आहे. आपण ती झाकून ठेवणार नाही. त्यांचा युक्तिवाद असा की इथे मोजमाप गुन्ह्याच्या वेळेचे नसते. जाणूनबुजून केलेल्या नकाराचे असते, आणि असा नकार देणारा कितीही जगला तरी त्यावर ठाम राहिला असता.

तरीही परंपरेत दुसरा आवाज आहे. इमाम इब्ने तैमिया (१२६३-१३२८) यांच्या नावावर जहन्नमची आग अखेर संपेल असे मांडणारे लिखाण आहे. त्यांचे शिष्य इब्ने कय्यिम (१२९२-१३५०) यांनी 'हादिल अरवाह' या ग्रंथात ही चर्चा विस्ताराने केली. कुरआनात (६:१२८, ११:१०७) जहन्नमच्या वास्तव्यासोबत अल्लाहची इच्छा असेल ते वगळून असा अपवाद येतो, यावर त्यांचा भर होता. दमास्कसचे काज़ी तकीउद्दीन सुबकी यांनी त्याचे खंडन लिहिले. आज कडक समजल्या जाणाऱ्या इब्ने तैमियांच्या वर्तुळातून हा विचार यावा, हे अनेकांना माहीत नसते.

शिक्षेच्या पायऱ्याही आहेत. अबू तालिब यांनी प्रेषितांना आयुष्यभर सांभाळले. सुन्नी परंपरेनुसार ते ईमान न आणता वारले (शिया उलमा त्यांना मोमिन मानतात). बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार त्यांना सर्वांत हलकी शिक्षा असेल. म्हणजे चांगुलपणा वाया जात नाही. पण प्रेषितांच्या लाडक्या चुलत्याबद्दलची ही हदीस वाचताना मन जड होते, हेही खरे. इथे सगळं सोपं आहे असा दावा आम्ही करत नाही.

हिंदुस्थानातील विचार

अनेक धर्मांच्या शेजारात राहणाऱ्या इथल्या उलमांना हा प्रश्न टाळता आला नाही. दिल्लीचे नक्शबंदी सूफी मिर्झा मज़हर जान-ए-जानाँ (१६९९-१७८१) यांनी एका पत्रात हिंदूंच्या धर्मग्रंथांचा आदराने उल्लेख केला आणि त्यांना अरबस्तानातील मुश्रिकांच्या रांगेत बसवण्यास नकार दिला. प्रत्येक समूहात सावध करणारा येऊन गेला (३५:२४) आणि काही प्रेषितांची हकीकत सांगितली, काहींची नाही (४०:७८), असे कुरआन सांगतो. मग हिंदभूमी प्रेषितांविना कशी राहील, असा त्यांचा रोख होता. अंतिम प्रेषितांनंतर त्यांना मानणे आवश्यक आहे, ही भूमिका मात्र त्यांनी सोडली नाही.

मौलाना अबुल कलाम आज़ाद (१८८८-१९५८) यांनी 'तर्जुमानुल कुरआन'मध्ये दीन आणि शरीअत यांत फरक केला. दीन म्हणजे एका अल्लाहची उपासना आणि सत्कर्म, तो सर्व प्रेषितांचा एकच. शरीअत देश-काळानुसार बदलत गेली. या मांडणीने प्रेषितांवरील ईमानाचे महत्त्व कमी होते, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि त्यांना खुलासे करावे लागले. हा वाद आजही संपलेला नाही.

इतर धर्मांतही हाच पेच

हा पेच फक्त आपला नाही. चर्चच्या बाहेर मुक्ती नाही, हे सूत्र कॅथलिक परंपरेत तिसऱ्या शतकापासून चालत आले. १३०० च्या सुमारास इटालियन कवी दान्तेने नरकवर्णनात सुलतान सलाहुद्दीन, इब्ने सीना आणि इब्ने रुश्द यांना उंबरठ्यावरच्या एका जागी बसवले : यातना नाहीत, पण स्वर्गाची आशाही नाही. थोर माणसांना नरकात टाकवत नाही आणि स्वर्गातही नेता येत नाही, अशी त्याची अडचण झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्य केले की स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताचा संदेश ज्यांना कळला नाही आणि जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही मुक्ती मिळू शकते. इमाम गज़ालींच्या विभागणीशी याचं साम्य सहज दिसतं. यहुदी परंपरेत नूह (अलै.) यांच्या नावे सात नियम आहेत. ते पाळणारा परधर्मीय सत्पुरुष परलोकात वाटेकरी ठरतो.

"सगळे मार्ग सारखेच" म्हटलं तर?

काही मित्र म्हणतात, एवढी कसरत कशाला? सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात म्हणा आणि मोकळे व्हा. ऐकायला हे गोड वाटते. पण इस्लाम म्हणतो अल्लाहला कुणी भागीदार नाही, ख्रिस्ती धर्म त्रैक्य मानतो, बौद्ध धम्मात निर्मात्या ईश्वराला स्थान नाही. हे सगळे एकच, असे म्हणणारा प्रत्येक धर्माला सांगतो की तुमचा मुख्य दावा तुम्हालाच नीट कळलेला नाही. त्यात आदर कमी आणि घाई जास्त आहे. शिवाय सत्य-असत्य आणि जुलमी-मजलूम यांचा कुठेच निवाडा होणार नसेल, तर तोही न्याय नव्हे.

आमच्या समजुतीने न्यायाची कसोटी वेगळी आहे. मार्ग एक आहे की अनेक, एवढ्यावर न्याय ठरत नाही. ज्याला जेवढे कळले, जेवढी ताकद होती, तेवढ्याचाच हिशेब घेतला जातो का, यावर तो ठरतो. कुरआनचे उत्तर होय असे आहे.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, नाव घेऊन कुणाचा निकाल लावायचा नाही. हजरत उस्मान बिन मज़ऊन (रजि.) वारले तेव्हा अल्लाहने यांचा सन्मान केला असे एक सहाबिया म्हणाल्या. प्रेषितांनी त्यांना विचारले, तुम्हाला हे कसे कळले? (बुखारी). थोर सहाबीबद्दलही खात्रीने बोलण्याची मुभा नसेल, तर शेजाऱ्याला जहन्नमी ठरवणारे आपण कोण? सहीह मुस्लिममध्ये एका माणसाची हकीकत आहे. अमक्याला अल्लाह माफ करणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. अल्लाहने त्या अमक्याला माफ केले आणि शपथ घेणाऱ्याची कर्मे वाया गेली.

दुसरी गोष्ट, इमाम गज़ालींचा तिसरा गट पुन्हा वाचा. आज इस्लामचं नाव माहीत नाही असा माणूस क्वचितच सापडेल. पण त्याने काय ऐकलं आहे? टीव्हीवरचा आरडाओरडा, व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड. आणि आमच्या बाजूने? वजनात मारलेला दांडा, बहिणीचा बुडवलेला वारसा, थकवलेली उधारी. ज्याला इस्लाम आमच्या वागण्यातून विकृत दिसला, त्याच्याजवळ सबब आहे. आमच्याजवळ ती नाही. हा आमच्या मते या साऱ्या चर्चेतला सर्वांत जड मुद्दा आहे.

तिसरी गोष्ट, माणुसकी थांबवायची नाही. जे तुमच्याशी लढत नाहीत त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास कुरआन रोखत नाही (६०:८). एका यहुद्याचा जनाज़ा जात असताना प्रेषित (स.) उभे राहिले. तो यहुदी होता असे सहाबांनी लक्षात आणून दिले, तेव्हा तोही एक जीवच होता ना, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले (बुखारी). मग्फिरतच्या दुआबद्दल बहुसंख्य उलमा ९:११३ च्या आधारे मनाई सांगतात, ती मर्यादा पाळावी. पण सांत्वन, मदत, तीन दिवस घरून जेवणाचा डबा पोहोचवणं, याला कुणाची मनाई आहे?

आणि त्या मुलाला काय सांगायचं? खरं तेच सांगायचं. बाळा, काकांचा हिशेब आपल्याकडे नाही. तो अशा अल्लाहकडे आहे जो कणभर चांगुलपणाही विसरत नाही आणि कुणावर कणभर अन्याय करत नाही. काकांना काय कळलं होतं, त्यांच्या मनात काय होतं, हे त्यालाच ठाऊक. आपल्याला विचारलं जाईल ते एवढंच : इतकी वर्षं शेजारी राहून आपण त्यांना कसला इस्लाम दाखवला?

वल्लाहु आलम. अल्लाह सर्वांत जास्त जाणणारा आहे.